साचे मला नको होते म्हणे

७ जानेवारी १९६८, रविवार

आई, इतकी वर्षं तुला काही लिहिलं नाही, त्याची माफी आधी मागते. तू होतीस तेव्हा आपण एकाच घरात राहत होतो, पत्राचा प्रश्नच नव्हता. तू गेल्यावर लिहून काय होणार, असं वाटत राहिलं. आज एक गोष्ट कळली आणि ती विचारायला दुसरं कुणी नाही, म्हणून लिहिते आहे.

सकाळी चामराजपेटेत धाकट्या भावाकडं गेले होते. संक्रांत आठवड्यावर आली आहे, गांधी बाजारात ऊस आणि अवरेकाईच्या शेंगांचे ढीग लागलेत, आणि तुझ्या स्वयंपाकघरात भावजय अच्चू करत होती. तीळ, गूळ, खोबऱ्याच्या एळ्ळुबरोबर वाटायची ती साखरेची चित्रं. लाकडी साचे तुझेच: पोपट, हत्ती, तुळशीवृंदावन. हल्ली तिचं मनगट दुखतं. पाक पांढरा व्हायला लागला आणि नेमका तेव्हाच तिचा हात थांबला. मी न विचारता तिच्या हातातला डाव घेतला, पाक घोटला, साच्यांत ओतला आणि जरा वेळानं साच्याच्या दोन फळ्यांची दोरी सोडून पोपट अलगद बाहेर काढला. शेपटी शाबूत.

ती बघत राहिली. "अक्का, तुम्हाला येतं की हे."

"आईनंच शिकवलं."

"मग नको कशाला म्हणालात?"

"कुणाला?"

"आईंना. माझ्या पहिल्या संक्रांतीला साचे ओटीत घालताना म्हणाल्या, माझ्या लेकीनंच सांगितलंय, मला हा उद्योग नको म्हणून. मी म्हटलं, कॉलेजात शिकवणारी बाई, आपल्या पातेल्याला नाक मुरडणार, कशाला बोलवा." आणि हसली. "पंधरा वर्षं एकटी घोटत बसले की हो मी. स्वल्प आधी सांगायचं."

मला हसता आलं नाही.

मी असं म्हणाले होते का? दुपारपासून तेच आठवते आहे. बी.ए.च्या वर्षी एकदा पाक बोटावर सांडला होता. मी ओरडते आहे, "मला नको हे." तू माझं बोट गार पाण्यात धरून ठेवतेस आणि म्हणतेस, "नको म्हणू नये. हे माझ्या आईचे साचे, पुढं तुझे. पोपटाची शेपूट न मोडता जिला काढता येते, तिचे." तेव्हा मोडली होती. पुढच्या पौषात मोडली नाही. त्यानंतर दरवर्षी तूच हाक मारायचीस, "ये ग, तार बघ, मला दिसत नाही नीट," आणि मी चिमटीत पाक धरून तार बघायची. ज्याला नको असतं ते माणूस असं करतं का? तरी खात्रीनं सांगता येत नाही. तो एक 'नको' मी म्हटला होता, हे खरं आहे.

पण तू तो मनात धरला नव्हतास. भावाचं लग्न झालं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. स्थळं घेऊन येणाऱ्या बायका यायच्या थांबल्या होत्या. साच्यांना घर लागतं, आणि माझं घर होणार नाही हे तू ठरवून टाकलं होतंस. मला तसं सांगितलं असतंस तर मी भांडले असते, रडले असते, पण ते तुझं बोलणं राहिलं असतं. तू ते माझ्या तोंडी घातलंस आणि दोन वर्षांनी निघून गेलीस. मी समजत राहिले की साचे भावजयीनं मागून घेतले. तू गेल्यावर मी वेगळं बिऱ्हाड केलं; दर संक्रांतीला तिच्याकडून ताटली यायची, मी म्हणायची "छान झालेत", ताटलीत केळी घालून परत करायची. एळ्ळु खाऊन गोड बोलायचा सण. आम्ही दोघी पंधरा वर्षं गोडच बोललो.

कदाचित नव्या सुनेसमोर, लेकीला का देत नाही हे सांगायची तुला लाज वाटली असेल. तुझ्या बाजूनं विचार करायला हवा. आज जमत नाही.

निघताना भावजयीनं साचे पंच्यात बांधले. "यंदा तुमच्याकडं. मी उद्या संध्याकाळी येते, तुम्ही घोटा, मी नुसती बसून गप्पा मारते. सरी? चालेल ना? का खरंच नको आहेत?"

मी नको म्हटलं नाही. आता ते इथं, बसवनगुडीतल्या माझ्या दोन खोल्यांत, शेगडीशेजारी आहेत. घर म्हणायला एवढं पुरतं का, हे तुला विचारायचं होतं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढंही सांगते: बसमध्ये सगळा वेळ माझा हात पिशवीत होता, पंच्यातून पोपटाची शेपटी चाचपत.

उद्या: साचे भिजत घालणे.