बोटाला लागलेली चव

१ सप्टेंबर, सोमवार

लागले एकदाची नोकरीला! इनाया पहिलीत गेली आणि मी ऑफिसात. नवरोबा अक्रमने सकाळी दारात उभं राहून सलाम ठोकला, म्हणाला, यल्ला मॅडम, बॉससारख्या निघा. शारजातल्या अल नहदाहून दुबईतलं अल कुसैस तसं हाकेच्या अंतरावर, पण बॉर्डरच्या ट्रॅफिकपुढे कुणाचं काय चालतं!

काम मजेदार आहे. कपाटाएवढे कॉम्प्युटर होते त्या काळातली मॅन्युअल्स स्कॅन करायची. ती कागदावर नाहीत, मायक्रोफिशवर आहेत. मायक्रोफिश म्हणजे पोस्टकार्डाएवढी पारदर्शक फिल्म. तिच्यावर शेकडो पानं, एकेक तांदळाच्या दाण्याएवढं, भिंगाखालीच वाचता येतं. मालक चारुदत्त सर पुण्याचे. लोक बिर्याणीबद्दल बोलतात तसे ते या फिल्म्सबद्दल बोलतात. परदेशातल्या कुठल्याशा म्युझियमला सगळं हवं आहे म्हणे.

खोके कितीतरी वर्षं शारजाच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पडून होते, एसीविना. उघडले की शिरक्याचा आंबट भपकारा येतो. तोही चालला असता, पण शेजारच्या टेबलावरचे हमदुल्लाभाई! हैदराबादचे, वयस्कर, बोलायला अगदी गोड माणूस. चिकटलेल्या फिल्म्स सोडवताना बोट जिभेला लावतात. पुन्हा पुन्हा. मला इतकी किळस आली की डबा न खाताच परत आणला.

३ सप्टेंबर, बुधवार

घरात मला सगळे डेटॉलबाई म्हणतात. म्हणोत. मी दुसऱ्याच्या ग्लासातलं पाणी पीत नाही, यात चूक काय आहे?

सुती हातमोजे घालून फिल्म सुटत नाही, बोटं घसरतात. ओला स्पंज सरांनी बंद केलाय, जास्त पाण्याने फिल्मवरचा थर फुगतो म्हणे. हमदुल्लाभाईंनी काल केल्या त्याच्या निम्म्याही माझ्या झाल्या नाहीत. ते हसून म्हणाले, "मैडम, ज़बान से दोस्ती करो, ग्लोव्ज़ से कुछ नहीं होता."

मी नाक मुरडलं. घरी आले तर इनायाने पुन्हा टिफिन जसाच्या तसा आणलेला. हीच माझी खरी काळजी. वर्षभर तिचं वजन वाढलेलं नाही. डॉक्टरीणबाई मलाच झापतात. रात्री सुरमईचं सालन आणि भात भरवायला बसले तर तोंड घट्ट मिटून म्हणते, "आय ॲम नॉट हंग्री, मम्मा." मनगटं बघवत नाहीत तिची. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

९ सप्टेंबर, मंगळवार

केलं मी ते. कुणी बघत नव्हतं. बोटाचं टोक जिभेला जेमतेम लावलं आणि फिल्म अलगद सुटली. लगेच बेसिनवर जाऊन चूळ भरली, साबणाने ओठ धुतले.

चव मात्र वाईट नव्हती. आंबट वास असूनही आतून गोडसर, मटणाचा पाया खाल्ल्यावर ओठ चिकटतात तशी. लिहितानाही शिसारी येते आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज सरांना सहज विचारलं, फिल्मवरचा तो थर कशाचा असतो? त्यांनी खुशीत येऊन व्याख्यानच दिलं. जिलेटिन. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढतात. कुठल्या जनावरांची, हे विचारायची हिंमत झाली नाही. कारखान्यात जे येईल ते, असं तेच पुढे म्हणाले.

मी तडक बाथरूममध्ये गेले आणि घशात बोटं घालून ओकले. तोबा. पुन्हा नाही म्हणजे नाही. हमदुल्लाभाईंना सांगितलं तर त्यांनी पुढची फिल्म ओढली. बोट त्यांच्या तोंडातच होतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज मला आनंदाने वेड लागायचं बाकी आहे! इनाया जेवली! ताट साफ. डाळ-भात कालवून घास केला, तिने आधी नाक मुरडलं, मग माझी बोटं हुंगली आणि आ केला. एकामागून एक घास. शेवटी माझी बोटंसुद्धा चाटूनपुसून घेतली. अक्रमने तिचा व्हिडिओ काढून शारजातच रोल्लाला राहणाऱ्या त्याच्या बहिणीला, शहरबानू आपाला पाठवला.

हाताने भरवलं तर खाते, चमच्याने नाही. नको तर नको. माझा हात आहे ना!

(ऑफिसमध्ये आज पुन्हा तेच. किती वेळा, ते लिहीत नाही. हात धुऊनही बोटं चिकट राहतात.)

१८ सप्टेंबर, गुरुवार

हजेरीच्या मशीनने माझा अंगठा घेतला नाही. तिन्ही वेळा लाल दिवा. अंगठा नीट पाहिला तर रेघाच नाहीत. गुळगुळीत, वर काचेसारखा पातळ थर. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. खाली दुसरा.

सर रागावलेत. माझ्या स्कॅन्समध्ये कोपरे कोरे येताहेत. अक्षरं गेलेली, फिल्म नुसती स्वच्छ. माझ्याआधी हमदुल्लाभाईंच्याही अशाच आल्या होत्या म्हणे. मी म्हटलं, दमटपणामुळे असेल. खोटं बोलले. हल्ली मी बोट जिभेला लावतच नाही, फिल्मच तोंडात धरते. केव्हापासून, ते मलाही आठवत नाही. मी, डेटॉलबाई.

इनाया शाळेतून आली की बॅगही न काढता माझा हात धरते.

२२ सप्टेंबर, सोमवार

हमदुल्लाभाई आज स्टोअररूममध्ये सापडले. खोक्यांमध्ये मांडी घालून बसले होते. गालाच्या आत फिल्म दुमडून भरलेली, हनुवटीवरून चिकट लाळ. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ते पारदर्शक चढलेलं, आत बोटं वळवळताना दिसत होती. सरांनी तोंडावर रुमाल धरला. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्यांना उचललं तर हाताचं साल फरशीला चिकटून राहिलं.

सगळे बाहेर गेल्यावर मी ते फरशीवरचं—

नाही. उचललं फक्त. भिंगाखाली ठेवलं. त्यात चौकटी होत्या. ओळीने, तांदळाच्या दाण्याएवढ्या. वाचता येत होत्या. टेपची पेटी साफ कशी करावी, फ्यूज कसा बदलावा. त्यांच्या कातडीत.

मग अंगठ्यावरचा पापुद्रा काढून ठेवला. माझ्यातही.

आणि माझी लेक आठवडाभर हेच खाते आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नोकरी सोडली. सर आश्चर्याने कारण विचारत राहिले.

डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी, मलम लावा. मलम लावलं. सकाळी थर मलमावर आला होता.

इनायाला चमच्याने भरवायला गेले. तिने चमचा फेकला. हातमोजा घालून घास दिला तर तिने थुंकून टाकला. म्हणाली, "नॉट दॅट. युवर हँड." तिची जीभ बघितली. बाहेरून स्वच्छ आहे. आत, मागे, काहीतरी चमकतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

अक्रमला सगळं सांगितलं. तो हसला नाही. भिंगातून बघितलं आणि बेसिनकडे धावला. इनायाला शहरबानू आपाकडे रोल्लाला नेऊन ठेवलं. मी घरीच. हातावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून.

मनगटापर्यंत आलंय. आंबट वास आता घराला.

पिशवीत जे सुटतं ते मी—

शी. शी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आपाचा फोन. पोरीने पाणीसुद्धा घेतलं नाही. बिर्याणी, फ्राइज, चॉकलेट, काही नाही. माझी चाहूल घेत दाराला कान लावून बसते. दवाखान्यात नेऊन ड्रिप लावली, सलाइन संपल्यावर तिने ती नळी चोखली. आपा फोनवर रडत होती, म्हणाली, ही आपली पोर वाटत नाही गं.

आपलीच आहे. माझीच आहे. मी भरवलंय तिला.

२७ सप्टेंबर, शनिवार

अक्रमने तिला परत आणलं, इन्शुरन्सचं कार्ड घरीच राहिलं होतं. आपाच्या घरी बेशुद्ध पडली होती. इतकी हलकी झालीय. अक्रम खाली गाडी आणायला गेलाय, मोठ्या हॉस्पिटलात ॲडमिट करायचं. पार्किंग लांब मिळालंय. लिफ्टही बंद.

इनाया माझ्याशेजारी पलंगावर. ओठ कोरडे, फाटलेले. डोळे माझ्या पिशवीवर.

देणार नाही. मेले तरी देणार नाही.

अक्रम अजून आला नाही. खिडकीतून गाडी दिसत नाही.

तिचे श्वास— मध्येच थांबतात. मग पुन्हा.

मघाशी म्हणाली, "मम्मा, जस्ट वन बाइट. प्लीज." एवढ्या हळू. वर्षभर मी हेच ऐकायला तरसले होते. एक घास दे, असं तिने आपण होऊन म्हणावं.

फोन लागत नाही.

श्वास पुन्हा—

पिशवी मीच सोडली. ओल आहे आत. वास आला आणि तिने डोळे पूर्ण उघडले, गालावर रंग आला. खरंच आला. मला शिसारी यायला हवी होती. मघापासून वाट बघतेय, येतच नाही.

डाव्या हाताने कधी भरवलं नाही तिला. डाव्या हाताने लिहिताही येत नाही. ती उजवाच मागते आहे, पेनासकट धरून ओढते आहे. जेवणाआधी म्हणायचं ते शहाण्या मुलीसारखं पुटपुटली.

फक्त करंगळी. अक्रम येईपर्यंत फक्त करं