कारणाची ओळ

शुक्रवार, २० जून
बाजारातून लवकर परत. तीन म्हशी गेल्या, चौथी तशीच. तिच्या कासेचा एक सड बंद आहे हे आधीच सांगितलं. रुमालाखाली बोटांनी भाव चालला होता, गिऱ्हाइकाने हात काढून घेतला. भागीदार रशीदभाईचं नेहमीचं, "शेठ, तुमी म्हशीच्या आधी तिची खोडच इकता." हसलो. घोडेगावच्या बाजारात नाव आहे ते याच्यावरच. हातात एक दावं घेऊन या धंद्यात आलो होतो, तेव्हापासून हाच नेम.
घरी आलो तर उंबऱ्यातच थांबलो. स्वयंपाकघरात टाच वाजली. माझ्या सुजाताची. सव्वा वर्ष ही पोरगी अशी वावरायची की तिच्यापेक्षा मांजराचा आवाज जास्त. ना झोप, ना जेवण, भिंतीकडे तोंड. आज टाच टेकवून चालली. चहा देताना म्हणाली, "आण्णा, मला विद्यापीठात परत जायचंय. तिसरं वर्ष पुरं करते. डॉक्टर हो म्हणाल्यात."
मी नुसतं "बरं" म्हणालो. मग गोठ्यात जाऊन नाक शिंकरलं.

मंगळवार, २४ जून
मध्ये शिक्षण का थांबलं, याचं प्रतिज्ञापत्र लागतं. नेवाशाला वकिलाकडे एकटाच गेलो. ओळखीचा आहे. "कारण काय टाकू?"
"कावीळ."
त्याने वरसुद्धा पाहिलं नाही. कावीळ कुणालाही होते.
येताना स्वतःवर खूश. पोरीचं लग्न व्हायचंय, सोयऱ्यांचे कान माझ्याहून तिखट. सु.ची आई म्हणाली, "लई बेस केलं."

बुधवार, २५ जून
सु.ने कागद दोनदा वाचला. सही नाही.
"मला कावीळ कधी झाली?"
"कागदापुरती गं."
"तिथं पुन्हा झोप उडाली तर कुणाला काय सांगू? कावीळ उलटली म्हणू?"
आई मध्ये पडली, "लोक काय म्हनतील, पोरी?"
"लोक म्हणतातच आहेत आई. आपली पाठ फिरली की."
मग माझ्याकडे वळून, सावकाश: "आण्णा, बंद सडाची म्हैस तुम्ही सांगून विकता. माझ्याच वेळी झाकलंत?"
"तू काय म्हैस आहेस का?"
"नाही ना. म्हणून तर माझं मी सांगते."
एवढ्या वर्षांत बाजारात कुणी माझं तोंड बंद केलं नव्हतं. घरात झालं. राग यायला हवा होता. आला नाही.

शुक्रवार, २७ जून
चहाच्या टपरीवर रशीदभाईला सगळं सांगितलं. आजाराचंही, पहिल्यांदाच.
"म्हाईत हुतं शेठ. तुमी बोलंना, म्हनून मी इचारलं न्हाई."
सव्वा वर्ष! आणि मी समजत होतो, झाकलेलं आहे.

सोमवार, ३० जून
सु. आणि मी, दोघं वकिलाकडे. आज ती बोलली, मी बाकावर.
"लिहा, मानसिक आजारामुळे. उपचार सुरू आहेत."
वकील चुळबुळला. "ताई, नुसतं वैद्यकीय कारण लिहितो. चालतं तेवढं."
"चालतं, माहीत आहे. पण हेच लिहा."
आवाज कापला, शब्द नाही कापला. मी भल्याभल्यांचे आवाज ऐकलेत. हाताशी कोऱ्या नोटा असताना आवाज चढवणं सोपं असतं. हिच्या हाताशी काय होतं?
बाहेर उसाचा रस घेतला. तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. 

गुरुवार, ३ जुलै
वसतिगृहावर सोडलं. तिथल्या रेक्टर बाईंनी कागद वाचला. मी भांडायची सगळी तयारी करून गेलेलो. बाई सु.ला म्हणाल्या, "गोळ्या वेळेवर घेतेस ना? जड वाटलं तर माझी खोली खालीच आहे. दार वाजव."
एवढंच. कावीळ लिहिली असती तर हे दार कुणी दाखवलं असतं?
बरोबरीच्या मुली पुढे गेल्या. आताच्या वर्गातल्या हिला ताई म्हणतात. तिलाही चालतंय म्हणे. मला नसतं चाललं. माझ्याहून धीट आहे पोरगी.

शुक्रवार, ११ जुलै
बाजार भरात असताना सु.चा फोन.
"आण्णा, आज क्लासला गेले नाही. उठताच आलं नाही."
"निघालो मी." हातातलं दावं रशीदभाईने न बोलता घेतलं.
"येऊ नका. तुम्ही आलात तर मी गाडीत बसेन, घरी परत येईन."
गाडीपाशीच थबकलो. फोन कानाला घट्ट. तिकडे नळ, बादली, लांब कुणीतरी हसलं. तिचा श्वास. जड, पण तुटत नव्हता.
"मग करणार काय?"
"आंघोळ करते. बाईंचं दार वाजवते. दुपारी प्रॅक्टिकल आहे, ते बघते."
"बघते म्हणजे?"
"बघते म्हणजे बघते, आण्णा."
गाडीची किल्ली रशीदभाईच्या हातात दिली. म्हटलं, मी मागितली तरी देऊ नको. त्याने ती आतल्या खिशात घातली, वरून बटण लावलं.
तीन वाजले. फोन नाही. मघाशी एकाने म्हशीची खोड विचारली, सांगितली. प्रॅक्टिकल चारला सुटतं.