कागदाच्या एकाच बाजूस

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, अण्णा ठीक आहेत. फोनवर आपण दोघी औषधांच्या वेळांपुढे जातच नाही, म्हणून हा कागद घेतला. त्यांचा उजवा हात अजून मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून असतो. वाचाही परत आलेली नाही, डाव्या हाताने खुणेपलीकडे लिहिता येत नाही. नजर मात्र तीच. परवा वाणसामानाच्या यादीत मी ‘दुध’ लिहिलं, तर डाव्या हातात पेन्सिल धरून त्यांनी उकार दीर्घ केला, मगच यादी माझ्या हातात दिली.

आता बातमी. टेकडी मंडळाचं पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. आपले अध्यक्ष, म्हणजे ते निवृत्त स्टेशनमास्तर, घरी येऊन म्हणाले की चाळीस वर्षं एकट्या बापाने ओढलेला गाडा आता लेकीने ओढावा. मला दर रविवारी मंडळाबरोबर टेकडी चढताना धाप लागते आणि मी संपादक. हसून घे.

पहिलं काम म्हणून ‘लेखकांसाठी सूचना’ नव्याने लिहायला बसले. तुला त्या पाठ असतील. कागदाच्या एकाच बाजूस लिहावे. डावीकडे दोन बोटे समास सोडावा. नापसंत लेख परत हवा असल्यास तिकिटे लावलेले पाकीट जोडावे. लेखाची पोच दिली जात नाही. छापखान्यात जन्मभर अक्षरांचे खिळे जुळवलेल्या माणसाचे नियम, त्यात काना-मात्रा हलत नाही. आता लेख मोबाइलवर येतात, त्यांना कसली बाजू आणि कसला समास?

सातवा नियम तर कुणालाच कळत नाही. शेवटच्या पानावरील अर्धा रकाना राखीव आहे. कुणासाठी, ते लिहिलेलं नाही. दर अंकात ती जागा कोरी जाते. मंडळातले दातांचे डॉक्टर म्हणतात, ती वाचकाला जांभई द्यायला ठेवलीय. स्टेशनमास्तर म्हणतात, त्यांच्या निधनाची बातमी तिथे यायची आहे, पण गाडी लेट आहे. चष्मेवाल्याला तिथे जाहिरात हवीय. अण्णांना विचारलं तर त्यांनी डावा हात उचलून तळवा नुसता पालथा केला. मी समजले, नको.

ताई, एक मागते. अंक दहा मार्चला छपाईला जाईल. त्यात तू काहीतरी लिही. अण्णांचे डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला तर नजरेचंही सांगता येत नाही. तुझं लिहिलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, एवढंच मला हवंय.

लोभ आहेच, तो दीड दिवसाच्या प्रवासात पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शेपूट

---

ता. १३ फेब्रुवारी

चि. शेपटास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र प्रयोगशाळेत डबा खाताना वाचलं. ‘दुध’ वाचून एकटीच हसले, तर शेजारी रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावणारी माझी सहकारीण विचारायला लागली की घरून काय आलंय. काय सांगणार? ऱ्हस्व-दीर्घ आलंय म्हटलं.

अण्णांच्या पायांना संध्याकाळी तेल लावत जा. त्यांना आवडत नाही असं ते दाखवतील, तरी लाव.

लिहिण्याचं मात्र विसर. तू तेव्हा शाळेत होतीस, तुला अर्धवटच माहीत असेल. मी वीस वर्षांची होते. टेकडी उतरण्यावर एक लेख लिहिला होता. चढणाऱ्याचं सगळेच लिहितात, मला उतरणाऱ्याचं लिहायचं होतं, गुडघ्यांचं, मागे वळून बघण्याचं. महिनाभर लिहीत होते. अण्णांना हातात द्यायला लाज वाटली, म्हणून नियमाप्रमाणे पोस्टाने पाठवला, पाकिटाला पाकीट जोडून. आणि नियमाप्रमाणेच तो पोस्टाने परत आला. विचार कर, एकाच घरातून निघून त्याच घरात. पोस्टमनने दारात मलाच दिला, आत अण्णा दाढी करत होते. वर छापील चिठ्ठी, साभार परत, कारण नियम क्रमांक एक. मी दोन्ही बाजूंना लिहिलं होतं.

ते दाढी उरकून छापखान्यात गेले, मी माझ्या खोलीत. लेख फाडून टाकला. त्याच महिन्यात इथली नोकरी लागली. चिठ्ठी तेवढी सोबत आणली आणि नोकरीच्या पहिल्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर डिंकाने घट्ट चिकटवली, पुन्हा असला मोह होऊ नये म्हणून. वही अजून आहे. बावीस वर्षांत डिंक सुटलेला नाही, बाकी बरंच काही सुटलं.

तेव्हा चष्मेवाल्याला जागा देऊन टाक. एखाद्याला तरी स्पष्ट दिसू दे.

अण्णांना नमस्कार सांग. माया आहे तिथेच आहे, तिची काळजी करू नकोस.

तुझी,
ताई

---

ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं. चिठ्ठीचा मजकूर मी गाळणार होते, पण माझा आवाज जरा अडखळला की त्यांना कळतं कुठे ओळ सुटली ते. सगळं वाचायला लावलं. दाढीपाशी त्यांनी डोळे मिटले. डिंकाने चिकटवली म्हटल्यावर मात्र उघडले आणि हात पालथा करायला लागले. पुन्हा सुलटा, पुन्हा पालथा. मला वाटलं, नको, पुढे वाचू नको. मी थांबले तर चिडले. पाणी देऊ का, कूस बदलायची का, सगळं विचारून झालं. माझ्यावर असे डोळे वटारले, जसे लहानपणी खिळ्यांचा खण सांडला तेव्हा वटारले होते.

शेवटी त्यांनी कपाटाकडे बोट केलं. पत्रकाची जुनी पेटी काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यात ‘साभार परत’च्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आहे. त्यातली एक त्यांनी डाव्या हाताने ओढली, टेबलावर ठेवली आणि उलटी केली. मग त्या कोऱ्या पाठीवर बोट आपटत राहिले.

ताई, त्यांचा हात ‘नको’ म्हणत नव्हता. तो ‘उलट’ म्हणत होता.

आपल्या घरात कागदाची पाठ कोरीच असायची. आपण कधी कुठला कागद उलटून बघितला? तू तरी कशाला बघशील? त्यात ज्याने नियम केला, तोच माणूस मागे काही लिहील, हे कुणाच्या स्वप्नात येणार?

मग मी जुने अंक ओळीने मांडले. सातवा नियम आधी नाहीच. तो पहिल्यांदा छापलाय तू गेलीस त्याच्या पुढच्या अंकात.

ती वही काढ. डिंक वाफेने सुटतो म्हणतात. जपून कर, आणि फोन करू नकोस, लिही. त्यांना वाचता येईल असं लिही.

वाट बघणारी दोन माणसं इथे आहेत, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
शेपूट

---

ता. १ मार्च

चि. शेपटास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन दिवस वही नुसती टेबलावर ठेवली होती. रोज शंभर लोकांचं रक्त तपासते, एक थेंब सांडत नाही. काल किटलीच्या वाफेवर पुठ्ठा धरला आणि घाई केली. एक कोपरा फाटला, काही अक्षरं पुठ्ठ्यालाच राहिली. बाकीचं वाचता आलं. बारीक पेन्सिलीत, त्यांच्या त्या सरळ अक्षरात.

‘लेख चांगला आहे. घरचा म्हणून छापला असे कोणी म्हणायला नको, म्हणून नियम पाळतो. एका बाजूस लिहून परत दे, मी स्वतः जुळवीन. जागा ठेवतो.’

जागा ठेवतो. शेपटा, मी बावीस वर्षं दर तीन महिन्यांनी ते पत्रक इथे उघडत होते. शेवटच्या पानावरचा तो कोरा अर्धा रकाना बघायचे आणि मनात म्हणायचे, यांना लेखक मिळत नाहीत, बरं झालं.

जुना लेख आठवेना. वीस वर्षांच्या मुलीला उतरण्यातलं काय कळत होतं कोण जाणे. नवा लिहिला. नाव तेच ठेवलंय, ‘उतरताना’. सोबत तीन पानं आहेत, एकाच बाजूला लिहिलेली, दोन बोटं समास सोडून. बोटं माझी घेतली, त्यांची जाड आहेत. शब्द अर्ध्या रकान्यात बसतात का मोजून बघ. परतीचं पाकीट जोडलेलं नाही.

रजेचा अर्ज टाकलाय. एप्रिलच्या मध्याआधी सोडणार नाहीत, दोघीजणी आधीच रजेवर आहेत. तोवर दिवस कसे काढायचे ते मी बघते. तू अण्णांना सांभाळ. एक मागते, नियम काहीही असो, यावेळी पोच दे.

पायांना तेल लावतेस ना? मी येईपर्यंत लाव, मग मी लावीन.

तुझी आणि त्यांची,
ताई

---

ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अंक परवा छपाईला गेला. चष्मेवाला रुसलाय, त्याला आतल्या पानावर जागा दिली. स्टेशनमास्तरांनी कच्ची प्रत वाचून चष्मा पुसला आणि म्हणाले की त्यांची गाडी आता आणखी लेट झाली तरी चालेल, जागा गेली.

तुझा लेख मी वाचून दाखवायला घेतला, तर अण्णांनी पानं माझ्या हातातून काढून घेतली. खिडकीपाशी खुर्ची सरकवायला लावली. दुपारभर वाचत होते. एक ओळ झाली की बोट तिथेच थांबायचं, मग पुढे. दुसऱ्या पानावर तू ‘निमूटपणे’चा मू दीर्घ लिहिला आहेस, त्याखाली त्यांनी बारीक खूण केली. मला वाटलं चूक सापडली. नंतर कळलं, बरोबर असल्याची खूण होती. आजवर माझ्या एकाही शब्दाला ती मिळालेली नाही, याची नोंद घे.

शब्द एकोणीस जास्त होते. कापू का विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी टाइप एक घर बारीक करून सगळा लेख बसवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पत्रकात असा लाड झालाय.

संध्याकाळी तेल लावायला गेले तर तिन्ही पानं त्यांच्या मांडीवर होती. शेवटचं पान त्यांनी उलटलं. मागे कोरं बघून समाधान झाल्यासारखे हसले, त्या वाकड्या झालेल्या ओठाने. मग पेन्सिल मागितली. दोन अक्षरं लिहायला त्यांना माझं एका पायाचं तेल पूर्ण होईपर्यंत वेळ लागला.

तू मागितलेली पोच म्हणून ते पान सोबत पाठवतेय. छपाईसाठी आता त्याची गरज नाही. घडीवर घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घातलंय. तू एप्रिलमध्ये येतेस हे त्यांना रोज सकाळी सांगते, ते रोज नव्याने ऐकल्यासारखं करतात आणि कॅलेंडरकडे बघतात.

लोभ इकडे भरपूर साठलाय, न्यायला ये.

तुझी,
शेपूट

ता. क. पान कुठे चिकटवणार असशील तर आधी उलटून बघ.