पोहता येणारी अक्का

प्रिय अक्का,

आज औरंगाबादच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी कागदावर एक गोल काढला आणि त्यावर तिरकी रेघ मारली. तो गोल म्हणजे तू. रेघ म्हणजे तू गेलीस. सोळा वर्षांत आपल्या घरात तुझं नाव कुणी घेतलं नाही आणि आज परक्या बाईने तुला आमच्या शेजारी मांडलं. म्हणून लिहितो आहे. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे, राग अजून उतरलेला नाही.

तू आत्या झालीस. मुलगी आहे, स्वरा नाव ठेवलं. तीन महिन्यांची आहे.

बीडला जन्मली तेव्हा तिच्या काळजाचे ठोके हळू पडत होते. तिथल्या डॉक्टरांनी एवढ्याशा छातीला चिकटपट्ट्या लावून ईसीजीची पट्टी काढली. पट्टीवर एक अंतर लांब दिसत होतं. ते म्हणाले, पहिल्या काही दिवसांत कधीकधी असं दिसतं आणि आपोआप जातं. पण काही घरांत हा आजार रक्तातूनच येतो. ठोका पडल्यावर काळीज पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ घेतं आणि मध्येच ताल चुकला तर माणूस जागच्या जागी कोसळतो. मग त्यांनी आबांना विचारलं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का?

आबा म्हणाले, "न्हाई. एक पोरगी व्हती, ती तापानं गेली."

इतक्या सहज म्हणाले, अक्का! सोयऱ्यांना सांगून सांगून ते वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की डॉक्टरांपुढेही तेच आलं. आणि मी? मी शेजारी उभा होतो. माझी बायको मनीषा आत खाटेवर होती, लेकरू तिच्या कुशीत होतं. मला खरं माहीत होतं. तरी मी खाली फरशीकडे पाहत राहिलो. आबांना परक्या माणसापुढे खोटं कसं पाडायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी पुन्हा पट्टी काढायला बोलावलं आणि आम्हाला घरी सोडलं.

अकराव्या दिवशी सकाळी आई स्वराला पायांवर घेऊन अंघोळ घालत होती. डोक्यावर तांब्या ओतला आणि लेकराने मान टाकली. रडणं तुटलं, ओठ जांभळे पडले. आईने तिला उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ती रडली. त्या रडण्याइतकं चांगलं मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

दिंद्रुडहून जीप केली. बीडच्या डॉक्टरांपुढे गेल्या गेल्या मी बोललो, "साहेब, माझी बहीण तापानं नाही गेली. विहिरीत गेली. तिला चांगलं पोहता येत होतं."

त्यांनी पेन खाली ठेवला. "हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

मी काय सांगणार होतो? तुझं लग्न ठरलं होतं आणि तू तोंड फुगवून बसली होतीस, म्हणून गावाने ठरवलं की तू जीव दिलास? टँकर नुकताच विहिरीत रिकामा झाला होता. पाणी शेंदायला जमलेल्या बायांनी तुला काठावरून उडी मारताना पाहिलं होतं. सगळ्यांचा पुरावा एकच. पोहता येणारी पोरगी बुडते कशी? बुडायचंच असेल तर बुडते. आबांनाही ते पटलं. मलाही पटलं, अक्का. तूच मला त्या विहिरीत पाठीला कॅन बांधून पोहायला शिकवलंस आणि मला टाकून गेलीस, असा राग मी इतकी वर्षं धरून होतो. तुझ्यावर!

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ऊसतोडीला गेलो होतो तेव्हा, कारखान्याच्या फडात, मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तू पडली होतीस. मुकादम म्हणाला होता, "सोंग करते बे ही, उठवा तिला." तू उठलीस आणि पुन्हा मोळी उचललीस. तू त्याला काहीच का नाही बोललीस? घरी तरी का नाही सांगितलंस? बघ, पुन्हा तुझ्यावरच रागावतो आहे. सांगितलं असतंस तरी ऐकणारं कोण होतं?

बीडहून त्याच दिवशी स्वराला औरंगाबादला हलवलं. कॅल्शियम कमी असलं तरी ते अंतर लांबतं म्हणे, म्हणून रक्त तपासलं. कॅल्शियम बरोबर होतं, अंतर लांबच होतं. औषध सुरू झालं. दर आठ तासांनी, तेही दूध पाजल्यावरच. उपाशीपोटी दिलं तर तिची साखर उतरते. सिरिंजवरची रेघ मी दोनदा पाहतो, मग मनीषाला दाखवतो. ती म्हणते, "अहो, किती बघता?" तिला द्यायची नाहीत अशा औषधांची यादी माझ्या खिशात असते. त्या दिवसापासून स्वराने पुन्हा मान टाकलेली नाही.

आज मॅडमनी आम्हा सगळ्यांच्या पट्ट्या काढल्या. आबांची ठीक निघाली. आईच्या आणि माझ्या पट्टीवर ते अंतर लांब निघालं. आबा लगेच आईकडे वळले, "म्हंजे तुझ्या माहेरचं हाय हे."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "आजार आईकडून आला असेल, आबा. खोटं तुमच्याकडून आलं. आणि माझ्याकडून."

मग आई बोलली. खाली मान घालून, हळू. "दोराला पोहरा नव्हता. मी तवाच सांगितलं व्हतं. पोहरा काढायला उतरली व्हती माझी पोर."

मॅडम म्हणाल्या, हा आजार असलेली मुलं कधीकधी पाण्यात असतानाच जातात, चांगली पोहणारीसुद्धा. सोळा वर्षांनी शंभर टक्के सांगता येत नाही, पण बाकीच्यांच्या पट्ट्या पाहता तसंच झालं असणार.

आबांनी विचारलं, "मग तिनं जीव न्हाई दिला?"

"नाही, आजोबा."

ते टॉवेल तोंडाला लावून रडले. मला दया आली नाही, अक्का. सोळा वर्षं कुठे होतं हे रडू? तुला सरणावर ठेवलं तेव्हा ते दात आवळून उभे होते, घराण्याला बट्टा लावला म्हणून.

मॅडमनी आईच्या माहेरच्या सगळ्यांच्या पट्ट्या काढायला सांगितल्या आहेत. मामाला तीन लेकरं आहेत. धाकटा दिवसभर कालव्यात असतो. त्यांना दवाखान्यात आणायचं तर तू कशी गेलीस ते सांगावं लागेल, आणि मामाच्या घरीही अजून तापच माहीत आहे.

तर ऐक, तुला शब्द देतो. रविवारी मी मामाच्या गावी जाणार आहे. आबांना सोबत नेणार आहे. ते यायला तयार आहेत का, हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. ओसरीवर सगळे बसले की तुझं नाव त्यांनी घ्यायचं आहे, पूर्ण नाव, आणि खरं सांगायचं आहे. त्यांनी सांगितल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.

तुझा भाऊ,
बापू