वार पडायच्या आधी

आई, तू जाऊन सतरा वर्षं झाली. आज सांगायचं आहे ते घरात कुणापाशी बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर वेडंवाकडं येतंय. तुला कुठे वाचता येत होतं म्हणा.

आधीच सांगते, म्हणजे चिडायचं ते एकदाच चिडशील. मी डुकरं पाळते. विचुंब्याला तुझा गोठा होता तिथे आता इमारत आहे, गोठ्याच्या जागी लोकांच्या गाड्या लागतात. पळस्प्याच्या पुढे तुझ्या जावयाचा जमिनीचा एक तुकडा राहिला होता, तिथे आम्ही शेड घातली. पनवेलच्या हॉटेलांतलं उरलेलं अन्न आणून उकळून घालतो. हळदीकुंकवाला भावकीतल्या बायका मला बघून नाकाला पदर लावतात, आणि मीही मुद्दाम त्यांच्याच शेजारी जाऊन बसते.

आज सकाळी आमची पहिली डुकरीण व्याली. सातच्या सुमाराला पहिलं पिलू आलं, वीतभर, ओलंचिंब, डोळे टक्क उघडे. पडल्या पडल्या ते आईच्या पोटाकडे सरकायला लागलं आणि मी त्याला उचलून टबात ठेवलं. का ठेवलं ते तुला कळेल. आठव, मी नऊ-दहा वर्षांची आहे, आपली म्हैस नुकतीच व्यालीय, पारडू धडपडत उभं राहतंय आणि मी त्याचं तोंड सडाला लावतेय. तू मागून येऊन माझ्या हातावर चापट मारतेस. "वार पडली नाय अजून. तोंड लावू नको त्याला, चीक बाधल." मग पारडू ओरडत राहतं आणि तू म्हशीच्या पाठीवर हात फिरवत तिच्या पोटातली वार बाहेर पडायची वाट बघत बसतेस. अख्ख्या आळीत कुणाची म्हैस अडली की तुलाच बोलावणं यायचं. तुझ्या शब्दावर शंका घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

म्हशीला एकच पारडू असतं, डुकरिणीची पिलं तासन् तास येतच राहतात आणि वार पडते ती शेवटी, हा विचार मी केलाच नाही. दहा वाजेपर्यंत टबात नऊ पिलं झाली. खाली गोणपाट, वर बल्ब. डुकरीण आडवी पडून हळू आवाजात त्यांना बोलावत होती आणि मी तिला समजावत होते, थांब गं बाई, वार पडू दे. तेवढ्यात ह्यांनी टबात हात घातला. "आगो, ही थंड पडलीत. ही पयली तर हालत पण नाय." पनवेलच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. पहिलाच प्रश्न, "ताई, पाजलंत ना?" मी म्हटलं, "वार पडायची हाय अजून." घाबरले की मी अजून तुझ्यासारखी बोलते.

"वारेची कसली वाट बघताय?" ते ओरडलेच. "चीक पोटात गेला नाही तर रोगाशी लढायला त्यांच्याकडे काहीच नाही. साध्या हगवणीनं जातील. एक दिवस उलटला की मग पाजूनही उपयोग नाही. सोडा आधी सगळ्यांना, मी निघतोय."

सोडली. दांडगी पिलं पुढचे सड धरून बसली, बारकी ढकलली गेली. मग मी दांडग्यांना पुन्हा टबात घातलं आणि बारक्यांना एकेक करून सडाला लावलं. पहिल्या पिलाला ओढताच येईना. वाटीत चीक पिळला, पिवळा, दाट, आणि बिनसुईच्या सिरिंजनं त्याच्या जिभेवर थेंब थेंब सोडत राहिले. तो ओठांच्या कडेनं परत येत होता. माझ्या हातातच ते गेलं. मी रडले नाही, रडायला वेळ नव्हता. मागून आणखी दोन आली होती, त्यांना सडाला लावायचं होतं.

डॉक्टर आले तेव्हा वार पडून गेली होती. त्यांनी भाजीच्या काट्यावर एकेक पिलू तोललं, पाठीवर पेनानं आकडे लिहिले. उद्या याच वेळेला पुन्हा तोलायचं. वजन चढलं तर चीक पोटात गेला म्हणायचं. दहापैकी तीन अजून लटपटतायत. उद्या काटा कुठे थांबेल या विचारानं मला घास गिळवत नाही.

हात धुताना डॉक्टर म्हणाले, "पिलं अडवून ठेवायचं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, "आईनं." ते मान हलवत म्हणाले, "जुनी माणसं." मी त्यांच्या हातावर पाणी ओतत राहिले. आई, तू गेलीस त्या वर्षी मी माहेरी आले होते तेव्हा तुझ्या म्हशीचं पारडू वार पडायच्या आधीच लुचत होतं. मी विचारलं, तर तू हसून म्हणालीस, "आमी येडी होतो गो. पाज लगेच." सकाळी टब भरत होते तेव्हा हे मला खरंच आठवलं नाही, हाताला फक्त ती चापट आठवत होती. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आठवलं होतं, आणि तरी मी तुझंच नाव सांगितलं. मी फार घाबरले होते, आणि तू काही सांगायला येणार नव्हतीस.