खालून येणारा आवाज

आसनगाव
२१ एप्रिल २०२५

प्रिय अंबूआते,

पाया पडते. पत्र जयावहिनी वाचून दाखवेल. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक. दुसरं पुढं येईल.

बाबांचा गुडघा बरा आहे. माझी हळद १७ मेला, शहापूरला. हळदीची गाणी, आपले धवले, तूच म्हणायचेस.

कल्याणच्या क्लासात आता मी पियानो शिकवते. या महिन्यात मुलांना डेब्यूसी शिकवला. हा फ्रान्सचा संगीतकार, जाऊन शंभरावर वर्षं झाली. घरची गरिबी, बाप तुरुंगात. एका बाईनं त्याला फुकट पियानो शिकवला. पुढं मोठ्या शाळेत मास्तर त्याच्यावर वैतागत. एकदम वाजवलेल्या तीन-चार सुरांना कॉर्ड म्हणतात. त्याच्या आधी प्रत्येक कॉर्डला शेवटी घरी, म्हणजे सा-वर, परतावं लागे. यानं त्यांना वाटेत, नुसत्या रंगासाठी, थांबू दिलं. एकसारखं अंतर ठेवून सूर बरोबरीनं चालवायला मनाई होती. यानं तेच केलं. नियम कुठला, विचारलं तर म्हणे, माझा आनंद. आज सिनेमातही त्याचे सूरमेळ ऐकू येतात.

विद्यार्थी असताना मी हे पहिल्यांदा ऐकलं. बाकीच्यांना ते विचित्र वाटलं. मला ओळखीचं वाटलं. सरांनी विचारलं, "हा कान कुठून आणलास?" मी म्हटलं, "इथूनच, सर."

खोटं होतं ते. तो कान तुझा आणि चंद्रकलामावशीचा. काखेत धरून मला लग्नांना न्यायचीस. तू वरच्या सुरात, आणि सा-प एवढं अंतर राखून खाली चंद्रकलामावशी. ती म्हणायची, "तू जा गो वरून, माझा गला नाय पोचत. मी येते खालून." तू म्हणायचीस, "ये, पण वाटेत पान खात बसू नको."

जयावहिनी, इथं थांब. चंद्रकलामावशीला बोलावून आण. नाय येत म्हणेल. मनस्वीनं पाया पडून बोलावलंय म्हण. ती बसल्यावर पुढचं वाच. काही गाळू नको.

आते, साईनाथदादाच्या हळदीपासून मावशीनं तुझ्याबरोबर गाणं सोडलं. पंधरा वर्षं तू एकटी गातेस. का, ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे.

मी पंधरा वर्षांची होते. त्या हळदीला माझे क्लासचे सर येणार होते. सूर बरोबरीनं चालवायचे नाहीत, हा नियम मी नुकताच वहीत उतरवला होता. तुमचं गाणं ऐकून सर हसतील, याची मला लाज वाटली. मांडवामागं मावशी सुपात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "मावशी, तुझ्यामुळं आतेचा सूर बिघडतो. आतेच म्हणते तसं."

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "बरं झालं बाय, सांगितलंस. मला कुठं कळतंय."

आणि घरी गेली. सर आलेच नाहीत.

मावशी, आते असं कधीच म्हणाली नव्हती. तिनं तर मला त्याच रात्री विचारलं, "चंद्री का गेली गो?" मी म्हटलं, घसा बसलाय. इतकी वर्षं तू तिला काही विचारलं नाहीस, आणि तिनंही तुला नाही. दोघी मानी. मी त्या मानाआड लपले.

समोर येऊन सांगितलं असतं तर मी रडले असते, आणि तुम्ही मलाच समजावत बसला असता. म्हणून पत्र.

माझ्या हातात आज जे काही आहे ते तुम्ही दिलंत, न मागता. मी ते घेतलं आणि तुमचं मोडलं.

हळदीला बेंजो पार्टी सांगितलेली नाही. मांडवात दोन पाट मांडते. एकीनंच यायचं असेल तर धवला नको. मी मुक्यानं हळद लावून घेईन.

तुम्हां दोघींच्या आवाजांवर वाढलेली,
मनस्वी