अडलं तर विचार

माय, मी आता काय काम करतो ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तू असतीस तर आधी हसली असतीस. संगणकात एक प्रोग्राम असतो, माणसाच्या जागी कामं उरकणारा. त्याला आम्ही एजंट म्हणतो. विम्याच्या हप्त्यासाठी चकरा मारणारा नव्हे. आमची कंपनी पुण्याची, धंदा केळीच्या गाड्यांचा. गाडी ठरवणं, भाव बघणं, फेरी रद्द करणं, अशा एकेका कामाचं एकेक साधन त्या एजंटच्या हाताशी दिलेलं असतं आणि प्रत्येकाची माहिती मी लिहितो. हे कशासाठी, कधी वापरायचं नाही, त्याला काय द्यायचं, बिघडलं तर काय करायचं. जळगावात दोन खोल्या आहेत, तिथूनच लिहितो. लग्न टिकलं नाही, हेही तुला माहीत नाही. दिवसभरात दूधवाल्याशी काय बोलणं होईल तेवढंच. फार एकटं वाटतं गं.

सुरुवातीलाच तोंडावर पडलो. गाडी ठरवण्याच्या माहितीत मी नुसतं 'वजन द्या' असं लिहिलं होतं. आपल्याकडे केळीवाला शंभर म्हणाला की शंभर क्विंटल, हे शेंबड्या पोरालाही कळतं. लिहावंसंच वाटलं नाही. एजंटला काय ठाऊक? त्याने शंभर किलो धरले. दुपारी चोपड्याच्या एका शेतकऱ्याने थेट मलाच फोन लावला. "भाऊ, बठ्ठा माल कापेल शे, अन् तुम्ही हाऊ छोटा हत्ती धाडा? बाकीना माल काय डोकावर लई जाऊ?" त्या टेम्पोऐवजी मोठा ट्रक मिळेपर्यंत त्याचा कापलेला सगळा माल उन्हात तापत पडला. मी आधी एजंटला शिव्या घातल्या, मग स्वतःला.

आणि तेव्हा तू आठवलीस. देवपूरच्या घरात तू ड्यूटीला निघते आहेस, दवाखान्याची पांढरी साडी, दातांत पिन धरलेली. अण्णा ट्रक घेऊन गेलेले, महिना-महिना यायचे नाहीत. मी दहा वर्षांचा, गॅससमोर उभा. तू पिन काढून सांगतेस, "खिचडीला पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. पण ते माझ्या बोटाचं, तुझ्या नाही. तू आपला वाटीने मोज. तीन शिट्ट्या झाल्या की बंद. शिट्टी झालीच नाही तर? गॅस बंद कर, झाकणाला हात लावू नको, शेजारी चाचींकडे जा आणि मला वॉर्डात फोन लाव." एकदा खरंच शिट्टी झाली नाही आणि मी पक्कड घेऊन झाकणाशी झटायला लागलो. चाचींनी धावत येऊन मला मागे ओढलं. फोनवर तू अशी कडाडलीस की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "अडलं की थांबायचं, कळलं? शहाणपणा करायचा नाही! विचारायला काय पैसे पडतात?"

मग मी सगळी माहिती नव्याने लिहिली. वजन क्विंटलमध्ये, गावासोबत तालुका, आणि शेवटी प्रत्येक ठिकाणी: शंका आली तर थांब, विचार. एजंट विचारायला लागला. या नावाचे दोन शेतकरी आहेत, कोणता धरू? बोदवडचा रस्ता बंद दाखवतोय, गाडी वळवू का? मी जेवता जेवता डाव्या हाताने उत्तर द्यायचो. मला ते आवडायला लागलं, माय. इतकं, की जिथे काही बिघडूच शकत नाही तिथेही ते वाक्य घालत सुटलो. परवा पुण्याच्या मॅडमचा फोन आला, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहेत. म्हणाल्या, "सर, हा फारच विचारतो हो. नुसता भाव बघायला कशाला परवानगी? नुकसान होईल तिथेच थांबवा त्याला." बरोबरच होतं त्यांचं. तरी मी खेकसलो, "तुमचं काय जातं त्याने विचारलं तर?" त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही बरे आहात ना?"

आज ती वाक्यं काढली. जिथे हवी तिथेच ठेवली, माहिती आता नीट झाली आहे. दिवसभर गाड्या सुटल्या, एकही चुकली नाही. त्याने काही विचारलं नाही. मी मात्र पुन्हा पुन्हा जाऊन बघत होतो, न जाणो कुठे अडला असेल. आता हे तुला लिहीत बसलोय. कुठे पाठवणार, कुठेच नाही. पण एक सांगतो. तो गरज नसताना विचारत नाही. मी विचारायचो. चाचींच्या घरून वॉर्डात फोन लावून तुला मीठ किती, हिंग केव्हा विचारायचो ना, ते मला सगळं येत होतं, माय.